बिनशिक्क्याचं तिकीट



दरवर्षी सुट्टीत जयसिंगपूरला आले की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न बायकांचा, "तिकडं ट्रेनमध्ये जेवायचं काय करतेस गं?" आणि दुसरा पुरुषांचा, "तिकडं म्हणे स्टेशनवर तिकीट कुणी तपासतच नाही?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं खरं उत्तर द्यायला मला पाच वर्षं लागली. आज दोन्ही सांगते.

आधी जेवणाचं. आम्ही जर्मनीत कोलोन शहराजवळ राहतो. तिथं जूनमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारलाच. म्हणजे उन्हाळ्यात रात्रीभोजनाचा त्याग पाळणं इतकं सोपं की लेक झोपली तरी बाहेर उजेड असतो. आणि हिवाळ्यात दुपारच्या गाडीने कुठं निघालो तर चार वाजता डबा उघडावाच लागतो. सुरुवातीला मला फार संकोच वाटायचा. आपल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये मिरज सुटलं की सगळा डबाच जेवायला बसतो. इथं सगळे आपापल्या पुस्तकात किंवा फोनमध्ये, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पण घरचं खायला कुणाची काही हरकत नसते, हे हळूहळू कळलं. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, लसूण न घालता केलेली शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि थोडा गूळ-तूप, एवढं असलं की दहा तास काढता येतात. गाडीतल्या उपाहारगृहावर आपण अवलंबून राहायचं नाही, कारण तिथं शाकाहारी म्हणून जे मिळतं त्यात बटाटा असतोच. आणि शेजारच्या बेल्जियममध्ये तर बटाट्याच्या तळलेल्या काड्या प्रसिद्ध, पण त्या परंपरेने गाईच्या चरबीत तळल्या जातात. घरातलं कुणी बटाटा खात असलं तरी विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता दुसरा प्रश्न. हो, जर्मनीत स्टेशनवर फाटक नाही. लोकल, ट्राम, लांबची गाडी, कशासाठीच नाही. प्लॅटफॉर्म तिकीट बहुतेक ठिकाणी लागत नाही. रस्त्यावरून चालत यायचं आणि गाडीत चढायचं. लांबच्या गाडीत तिकीट तपासनीस येतो, पण ट्राममध्ये महिनामहिना कुणी येत नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी सासूबाईंना फोनवर कौतुकाने सांगितलं होतं, "आई, इथं सगळा कारभार विश्वासावर चालतो." त्या म्हणाल्या, "बरं झालं, मग अचौर्य व्रत पाळायला जागा चांगली आहे." त्या सहज बोलल्या होत्या.

२०१८ मध्ये आम्ही इथं आलो तेव्हा लेक चार वर्षांची होती. तिची बालवाडी सुरू झाली आणि मला सकाळी जर्मन भाषेच्या वर्गाला जायचं होतं. तोपर्यंत प्रवासाचं सगळं हेच बघायचे. फोनवर तिकीट काढायचे, आम्ही फक्त मागे चालायचो. एकटीने ट्रामने जायचा तो माझा पहिलाच आठवडा. यंत्रातून मी चार प्रवासांचं एक तिकीट काढलं, ते सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. पैसे भरले, तिकीट पर्समध्ये ठेवलं आणि निर्धास्त बसले.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की हे तिकीट नुसतं जवळ असून चालत नाही. ट्राममध्ये दाराजवळ एक छोटी पेटी असते. दर प्रवासाला तिकिटाची एक घडी तिच्यात सरकवायची, मग तिच्यावर तारीख आणि वेळ उमटते. शिक्का नाही म्हणजे प्रवास सुरूच झालेला नाही, आणि तिकीट उद्याही वापरता येईल. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही बिनतिकीट. असल्या प्रवाशाला इथं जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ 'काळा प्रवास करणारा'.

तिसऱ्या दिवशी दारं बंद झाली आणि साध्या कपड्यातली दोन माणसं उठून उभी राहिली. तिकिटं दाखवा म्हणाली. मी मोठ्या विश्वासाने माझं कोरं करकरीत तिकीट पुढं केलं. तपासनीस काहीतरी बोलला, मला कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, मी पुन्हा तिकीट दाखवलं. मग त्याने दाराजवळच्या पेटीकडे बोट केलं आणि मला एकदम सगळं समजलं. तो माणूस उद्धट नव्हता, हे आवर्जून सांगते. त्याने माझं ओळखपत्र मागितलं, नाव आणि पत्ता लिहून घेतला आणि ६० युरोंची पावती हातात दिली. जर्मनीभर हा दंड साधारण एवढाच असतो. उतरताना त्यानेच मला शिक्का कसा मारायचा ते हाताने करून दाखवलं.

पण पूर्ण ट्राम माझ्याकडे बघत होती, की मला तसं वाटलं, कोण जाणे. माझे कान तापले होते. मैत्रिणींनो, माझ्या वडिलांचं जयसिंगपूरला किराणा दुकान. तराजूत माल घातला की ते वरून चिमूटभर आणखी टाकायचे. लहानपणी मी विचारलं होतं, असं का? ते म्हणाले, "वजनात मारणं ही पण चोरीच. आपला हात चुकून हलका पडला असेल, तर ही चिमूट त्याची भरपाई." त्या माणसाची मी मुलगी, आणि परक्या देशात भर ट्राममध्ये मला बिनतिकीट म्हणून उठवलं होतं.

६० युरो म्हणजे तेव्हाचे पावणेपाच हजार रुपये. पावती दोन आठवड्यांत भरायची होती. घरी येऊन ह्यांना सांगायचं म्हणून मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली. हे आले ते दमलेले, नव्या नोकरीच्या ताणात. म्हणाले, "आज वर्गाला नीट गेलीस ना? मला एका गोष्टीची तरी काळजी नको." मी म्हणाले, "हो, नीट गेले."

तिथं ते सुरू झालं.

ते ६० युरो मी घरखर्चातून भरले. आठवड्याच्या भाजी-किराण्याचे पैसे माझ्याकडे असायचे, त्यातून थोडे थोडे बाजूला काढले आणि काउंटरवर जाऊन रोख भरून आले. भाजी कमी का आली असं ह्यांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "इथं भाज्या किती महाग आहेत!" पावती मी मेतकुटाच्या डब्याखाली कागदात घालून ठेवली. फाडून टाकायची हिंमत झाली नाही, कारण पैसे भरल्याचा तोच पुरावा होता. परदेशात राहणाऱ्या बाईला कागद फाडायची भीती वाटते. इथं आपण राहतो ते कागदांच्या जोरावरच. राहण्याच्या परवान्याचं कार्ड, त्याच्यावरची मुदत, पासपोर्ट, पत्त्याची नोंदणी, विम्याचं पत्र. दर मुदतीच्या आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात वेळ मागायची आणि फायली घेऊन उभं राहायचं. शेजारीण ज्या देशात जन्मली त्याच देशात आपण वर्षावर्षाने राहतो.

त्यानंतर मी एकदाही शिक्का विसरले नाही. उलट एवढी धास्ती बसली की बसल्या जागी दोनदा-तीनदा तिकीट काढून बघायची. तपासनीस दिसला की तिकीट बरोबर असूनही छातीत धडधडायचं. २०२३ च्या मे महिन्यात इथं सबंध देशात लोकल, ट्राम आणि बसला चालणारा एकच मासिक पास सुरू झाला. तेव्हा तो ४९ युरोंचा होता, पुढं किंमत वाढत गेली. तो फोनमध्ये किंवा कार्डावर असतो, त्याला शिक्का लागतच नाही. तरी मी दाराजवळच्या त्या पेटीकडे बघतेच.

त्याच वर्षी माझी पाच वर्षं पूर्ण झाली आणि मी कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचं ठरवलं. त्यासाठी भाषेची परीक्षा झाली होती. जर्मनीतल्या जीवनाबद्दल ३३ प्रश्नांची एक चाचणी असते. या परवान्यासाठी १५ बरोबर आले तरी पुरतं, नागरिकत्वासाठी १७ लागतात. माझे ३१ आले. घरी पुरणपोळी केली. मग अर्जाचा कागद भरायला बसले आणि एका चौकटीत प्रश्न आला, तुम्हाला कधी कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, किंवा तुमच्याविरुद्ध चौकशी सुरू आहे का?

पेन तिथंच थांबलं. कारण तोपर्यंत मला भाषा येत होती आणि वर्गात शिकलेलं एक वाक्य डोक्यात बसलं होतं. जर्मन दंडसंहितेत कलम २६५ अ आहे. भाडं चुकवून प्रवास करणं त्यात येतं आणि त्याला दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मी गुन्हेगार आहे का? 'नाही' लिहिलं आणि खोटं निघालं तर? 'हो' लिहिलं तर लेकीची शाळा, ह्यांची नोकरी, हे सगळं माझ्यामुळे अडेल का? त्या रात्री मी झोपले नाही. हे विचारत राहिले, मी म्हणाले डोकं दुखतंय. पुन्हा एक खोटं.

ते दिवस दशलक्षण पर्वाचे होते. दहा दिवस रोज एक एक धर्म आम्ही घरीच वाचायचो. उत्तम आर्जव म्हणजे मनात, बोलण्यात आणि वागण्यात एकच असणं, हे मी लेकीला सोप्या भाषेत समजावून सांगत होते, आणि मेतकुटाच्या डब्याखाली तो कागद होता. उत्तम सत्याच्या दिवशी तर माझ्याने तिच्या डोळ्यात बघवेना.

क्षमावाणीच्या शनिवारी आम्ही अँटवर्पला जायला निघालो. बेल्जियममधलं हे शहर हिऱ्यांच्या व्यापाराचं. तिथं पालनपूरकडची बरीच गुजराती जैन कुटुंबं पिढ्यांपासून आहेत आणि विलरैक या उपनगरात त्यांनी शंखेश्वर पार्श्वनाथांचं पांढऱ्या संगमरवराचं मंदिर बांधलं आहे. आम्ही दिगंबर आणि ते मंदिर श्वेतांबर. पण एवढ्या दूर आल्यावर पार्श्वनाथांचं दर्शन होतंय हेच मोठं. कोलोनहून ब्रुसेल्सपर्यंत जलद गाडीने पावणेदोन-दोन तास लागतात आणि तिथून अँटवर्प पाऊण तास.

आखन गेलं की गाडी जर्मनीची हद्द ओलांडते, पण त्या दिवशी ते कळलंही नाही. कुणी थांबवलं नाही. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या छोट्या गावाजवळ पाच देशांनी करार केला, त्याची ही कृपा. आपल्यासारख्यांकडे एका देशाचा राहण्याचा परवाना असला की बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं. मात्र कार्ड आणि पासपोर्ट, दोन्ही जवळ हवेत. त्याच वेळी तिकीट तपासनीस डब्यात शिरला. माझा हात आपोआप पर्सकडे गेला. तिकीट ह्यांच्या फोनवर होतं, त्यात लेकीचंही नाव होतं, सगळं बरोबर होतं. तरी माझे हात गार पडले.

तो पुढं गेल्यावर हे हळूच म्हणाले, "अगं, तुला एक विचारू? तू तपासनीस दिसला की एवढी का घाबरतेस? पाच वर्षं बघतोय मी."

मी विचार केला, दोन तासांनी मी मंदिरात हात जोडून सगळ्या जीवांची क्षमा मागणार, आणि शेजारी बसलेल्या या माणसाची नाही? लेक खिडकीला नाक लावून बसली होती. मी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. कोरं तिकीट, ६० युरो, भाजीचे पैसे, डब्याखालची पावती, अर्जातली चौकट.

हे काही बोलले नाहीत. लिएजचं स्टेशन आलं. काचेच्या आणि पोलादाच्या कमानींचं ते भलं मोठं छत, कालात्रावा नावाच्या स्पॅनिश वास्तुकाराचं. लेक "आई, बघ बघ" म्हणून ओढत होती आणि मला त्या छतातलं काही दिसत नव्हतं. गाडी पुन्हा सुटली तेव्हा हे म्हणाले, "साठ युरोंचं मला काही वाटत नाही. पण तू पाच वर्षं एकटी घाबरत बसलीस आणि मी शेजारीच होतो, याचं वाईट वाटतं." मग थोडं थांबून म्हणाले, "त्या दिवशी मीच म्हणालो होतो ना, मला एका गोष्टीची तरी काळजी नको म्हणून? माझंही चुकलं." त्यांना ते वाक्य आठवत होतं. मला वाटायचं फक्त मलाच आठवतंय.

आम्ही अँटवर्पला उतरलो. १९०५ सालचं ते घुमटाचं स्टेशन, आत शिरल्यावर एखाद्या राजवाड्यात आल्यासारखं वाटतं. गाड्या तीन मजल्यांवर लागतात, आमची सगळ्यात खाली. सरकत्या जिन्याने वर येताना ह्यांनी माझी पर्स स्वतःच्या खांद्यावर घेतली. एवढंच. दर्शनाला उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा मन मोकळं होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं परदेशातून आलेल्या लोकांना मोफत सल्ला मिळतो अशा एका केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी पावती बघितली आणि समजावलं, की हे ६० युरो म्हणजे वाढीव भाडं. ती शिक्षा नव्हे, त्याची गुन्ह्यात नोंद नसते. गुन्हा व्हायचा तर वाहतूक कंपनीने तक्रार करावी लागते, आणि मुख्य म्हणजे भाडं बुडवायचा हेतू असावा लागतो. तुम्ही तर तिकीट विकत घेतलं होतं. चौकटीत खुशाल 'नाही' लिहा, ते खरंच आहे.

हेतू! कायदासुद्धा आधी तेच विचारतो, जे आपल्याकडे भाव म्हणून शिकवतात. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. ट्रामचा तो प्रवास मी न कळत केला. त्यात माझा प्रमाद होता, बेसावधपणा होता, त्याची भरपाई मी केली. पण भाजीच्या पैशातून न सांगता काढलेले ते साठ युरो आणि "भाज्या महाग आहेत" हे वाक्य, ते मात्र मी पूर्ण शुद्धीत केलं होतं. पाच वर्षं मी ज्या चोरीला घाबरले ती चोरी नव्हतीच. खरी होती ती घरात होती आणि तिला पकडायला कुणी तपासनीस येणार नव्हता.

काही महिन्यांनी माझं कार्ड आलं. आता त्याच्यावर वर्षाची मुदत नाही.

तुमच्यापैकी कुणी मुलाकडे-मुलीकडे किंवा नव्याने राहायला इकडं येणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. कागदी तिकीट असेल तर शिक्का लागतो का हे आधी विचारा. लांबच्या गाडीचं तिकीट म्हणजे बसायची जागा नव्हे. जागेचं आरक्षण वेगळं असतं, आणि आसनाच्या वर किंवा कडेला कुठून कुठपर्यंत ती जागा राखीव आहे हे लिहिलेलं असतं. देशाची हद्द ओलांडताना कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही घ्या, कारण २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या हद्दींवर पुन्हा तपासणी सुरू केली आणि आता गाडीत पोलिस चढतात. परवान्याची मुदत संपायच्या आतच नवीन अर्ज करा. आणि डबा सूर्यास्ताची वेळ बघून भरा.

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीत नागपूरकडची एक मुलगी राहायला आली, नवीन लग्न झालेली. तिला पहिल्यांदा मीच ट्रामने घेऊन गेले. पेटीत तिकीट सरकवून दाखवलं, 'टक' असा आवाज झाला. ती हसली. म्हणाली, "काकू, चुकलं तर काय होतं?"

मी म्हणाले, "साठ युरो जातात. आणि त्याच दिवशी घरी नवऱ्याला सांगायचं असतं."

जय जिनेंद्र.